गोल सोनं गातं

अंगठी सापडली नाही तर बाईंचा फायदाच होता, आणि तो काही थोडाथोडका नव्हता. नवी अंगठी मिळणार होती, तीही आजच्या बोटाच्या मापाची. दाराआडचा कोपरा मोकळा होणार होता आणि अंथरुणातली वाळू बंद होणार होती. शिवाय दोन वर्षं मुठीत धरून ठेवलेलं एक गुपित कायमचं वाळूखाली जाणार होतं. उलट अंगठी सापडली, तर हाती काय? तीच जुनी अंगठी, तेच मशीन आणि वर नवऱ्याचे प्रश्न. दुसऱ्यांच्या कापडातून वीतभर तरी वाचवण्यात जिचा जन्म गेला, तिला हे गणित मांडायला खडू लागत नव्हता.

बाई घरातल्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या. नवीन शिवण्यापेक्षा जुनं सैल करणं जास्त. पॅन्टची कंबर, शर्टाची छाती, कोटाची पाठ. खिडकीशी शिवणयंत्र, बाजूला दोऱ्यांचे खण आणि गिऱ्हाइकासाठी एक उभा आरसा. त्या आरशापुढे पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, "श्वास सोडा आधी. माप खोटं दिलंत तर मला काही होत नाही, बसताना तुम्हालाच कळेल."

त्यांचे यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपांवर नोकरीला होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सगळे त्यांना पंपवालेच म्हणत. पंपघराच्या दारात उभं राहून, आत न जाता, कुठल्या पंपाची बेअरिंग कुरकुरतेय ते त्यांना नुसतं ऐकून कळायचं. साहेबलोक मोजमापाची उपकरणं घेऊन यायचे आणि तासाभराने तेच सांगायचे. अशा माणसाचे कान निवृत्तीनंतर रिकामे पडले. सहा महिने ते घरातला फ्रिज ऐकत बसले, शेजाऱ्यांचा पंखा ऐकून त्यांना जाऊन सल्ले दिले, आणि मग एक दिवस धातू शोधायचं यंत्र घेऊन आले. लांब दांडा, खाली थाळी, कानाला हेडफोन. तीस वर्षं त्या घरात 'मशीन' म्हटलं की बाईंचं समजायचे. आल्या दिवसापासून या नव्या पाहुण्याने दाराआडचा कोपरा घेतला आणि तो शब्दही बळकावला.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ किनारा. पोहताना कुणाची अंगठी गेली, कुणाचं ब्रेसलेट, की फोन यायचा आणि पंपवाले निघायचे. पैसे घ्यायचे नाहीत. वस्तू सापडली की ती कुणी दिली होती, केव्हा, एवढं ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन जेवताना सगळं बाईंना सांगायचे. बाई म्हणायच्या, "लोकांचं सोनं लोकांना, आणि आपल्याला वाळू." पण गोष्ट अर्धवट राहिली तर दुसरी पोळी वाढताना त्याच विचारायच्या, मग पुढे काय झालं.

आता अंगठीचं. ती पंपवाल्यांनी पहिल्या पगारातून घडवली होती. बायको झोपलेली असताना तांब्याच्या तारेने बोटाचं माप घेतलं होतं, आणि ते इतकं अचूक निघालं की त्याचा अभिमान त्यांना आजतागायत पुरला. कुणीही पाहुणा आला की ठरलेलं वाक्य, "एकेचाळीस वर्षं झाली. ना बोट बदललं, ना अंगठी." बाई हसून चहा पुढे करायच्या.

बोट बदललं होतं. कात्री आणि सुई धरून धरून सांधे सुजले होते, आणि दोन वर्षांपूर्वी एका दुपारी बोट निळं पडलं. साबण झाला, तेल झालं. शेवटी बाई एकट्याच सोनाराकडे गेल्या आणि त्याने अंगठी कापून काढली. तो म्हणाला, आठ दिवस ठेवून जा, फटीत गुंजभर सोनं घालून मोठी करून देतो. पण आठ दिवस मोकळं बोट घेऊन घरात वावरायचं कसं? बाईंनी ती तशीच, फट ठेवून, जरा फाकवून बोटात चढवली. फट तळहाताच्या बाजूला. दुसऱ्यांना श्वास सोडायला लावणारी बाई दोन वर्षं स्वतःच्या बोटाचं माप चोरून राहिली.

मग त्या रविवारी त्या नवऱ्याबरोबर किनाऱ्यावर गेल्या, चादर घालून बसल्या आणि निघताना चादर झटकली. फटीत चादरीचा धागा अडकला असणार. हाताला हिसका बसला, काहीतरी चमकलं आणि बोट मोकळं.

पंपवाल्यांच्या चेहऱ्यावर आधी काळजी आली आणि तिच्या मागोमाग, हे बाईंनी नीट पाहिलं, आनंद. इतकी वर्षं ज्या मशीनला बायकोने नाक मुरडलं, तेच आता तिचं सोनं काढून देणार होतं. त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, वीस पावलं लांब आणि वीस पावलं रुंद असा चौकोन आखला. "जेवायच्या आत देतो," म्हणाले.

जेवणं झाली, दुसऱ्या दिवशीचीही झाली. उभ्या रेघा झाल्या, आडव्या झाल्या, दोरी हलवून तिरक्या झाल्या. भिंतीजवळच्या आइस्क्रीमवाल्याला एवढी करमणूक कधी मिळाली नव्हती. गिऱ्हाईक नसलं की तो कोनाच्या बरणीवर कोपर टेकून विचारायचा, काका, पेरणी झाली, उगवणार कधी? त्याचा त्या मशीनवर जुना डोळा होता. ते विकायचं असेल तर मला सांगा, असं तो दर महिन्याला म्हणायचा. दुसऱ्या संध्याकाळी पंपवाल्यांना त्याचं बोलणं झोंबलं आणि त्यांनी सगळ्यांच्या देखत जाहीर केलं की परवा संध्याकाळपर्यंत अंगठी निघाली नाही, तर मशीन तुझं. आणि त्या पैशात हिला नवी अंगठी. आइस्क्रीमवाल्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी समुद्राकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशीही काही नाही. वर आणखी एक झालं. दुपारी एक मुलगी आली, पोहताना कानातली रिंग गेली म्हणून रडवेली झालेली. पंपवाल्यांनी तिला सांगितलं, बाळ, दुसरं कुणी बघ, माझा आता भरवसा नाही. ती गेली. बाई चादरीवर बसून हे ऐकत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला कुणाला रिकाम्या हाताने पाठवताना पाहिलं नव्हतं, आणि मनातल्या फायद्याच्या रकान्याकडे त्यांना पहिल्यांदाच बघवेना.

घरी आल्यावर पंपवाले मागच्या अंगणात गेले. तिथे एक रिकामी कुंडी होती, माती भरलेली. त्यांनी स्वतःची अंगठी काढून तिच्यात पुरली आणि वरून थाळी फिरवली. मशीन स्वच्छ वाजलं. पुन्हा फिरवली, पुन्हा वाजलं. बाई दारात टॉवेल वाळत घालत होत्या.

"बघ," ते म्हणाले, "मशीनमध्ये दोष नाही. गोल सोनं गातं. कडं पूर्ण असलं की आवाज कसा सरळ येतो. तुटकं असलं तर नुसतं कुरकुरतं, चांदीच्या कागदासारखं. त्या आइस्क्रीमच्या कागदांनी किनारा भरलाय म्हणून ती कुरकुर मी मशीनवर बंदच करून टाकलीय. पण तुझी तर अख्खी गोल. माझ्या थाळीखालून ती चार वेळा गेली असणार आणि चार वेळा गायली असणार." त्यांनी हेडफोन गळ्यातून काढला. "मलाच ऐकू आलं नाही. इथे शांततेत येतं, तिथे लाटांच्या आवाजात नाही. कान गेले गं."

बाईंच्या हातातला टॉवेल पिळून झाला होता, तरी त्या तो पिळत राहिल्या. म्हणजे अंगठी का सापडत नव्हती, हे अख्ख्या किनाऱ्यावर फक्त त्यांनाच ठाऊक होतं, आणि तेही आत्ता, या क्षणापासून. गप्प बसायचं तर उद्या सगळं पदरात: नवं सोनं, मोकळा कोपरा. फक्त त्याच्याबरोबर एक बहिरा नवराही घरी आणायचा, जो बहिरा नव्हता.

पंपवाले कुंडीकडे तोंड करून पाटावर बसले. "एक काम कर. माझ्या मागे तिकडे दाराशीच उभी राहा आणि हळू, अगदी हळू काहीतरी बोल. काय बोललीस ते मी सांगतो. खरं काय ते कळू दे एकदा."

बाई दाराशी उभ्या राहिल्या. शेजारच्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं. त्या इतक्या हळू बोलल्या की त्यांचं त्यांनाच नीट ऐकू आलं नाही.

"अंगठी कापलेली होती."

पंपवाल्यांची पाठ हलली नाही. बाईंना वाटलं, खरंच गेले कान. आणि खोटं कशाला बोला, क्षणभर बरंही वाटलं.

"कधी?" पंपवाल्यांनी विचारलं.

"दोन वर्षं होतील."

"सोनाराकडे?"

"हो."

"दुखलं का?"

बाईंनी दोन वर्षांत बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तयार करून ठेवली होती. याचं नव्हतं. त्या पायरीवर बसल्या. "बोट दुखत होतं," त्या म्हणाल्या. "कापताना नाही दुखलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पाहुण्यांना सांगत होता ना, ना बोट बदललं ना अंगठी."

"अगं, ते मी पाहुण्यांना सांगत होतो," पंपवाले म्हणाले. "तुला कुठे सांगत होतो?"

एवढं बोलून ते हळूहळू वळले, आणि बाईंना वाटलं आता रागवतील. पण चेहऱ्यावर भलतंच काही होतं. "दारापासून इथपर्यंत किती पावलं असतील? आठ? नळ चालू होता. आणि तू म्हणालीस, अंगठी कापलेली होती. बरोबर?"

"अहो, मी काय सांगतेय आणि तुम्ही काय..."

"बरोबर ना पण?"

"बरोबर."

"मग माझ्या कानांना काय झालंय?" पंपवाले म्हणाले, आणि जेवणाआधी त्यांनी आणखी दोन वेळा तिला दाराशी उभं केलं.

सकाळी मशीनवरची कुरकुर पुन्हा सुरू करून दोघं त्याच चौकोनात गेली. आता मशीन पावलापावलाला कण्हू लागलं. प्रत्येक कण्हण्याखाली खणायचं म्हणजे पंपवाल्यांची कंबर गेली असती, म्हणून बाईच गुडघे टेकून बसल्या. पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून केलेली चाळण हातात, वाळू भरायची, हलवायची, उरेल ते बघायचं. उरायचा तो कागद. दुपारपर्यंत एकसष्ट कागद निघाले, वर बाटल्यांची झाकणं आणि एक चमचा. आइस्क्रीमवाला पाकिटात पैसे घालूनच आला होता. बाईंनी कागदांचा ढीग त्याच्या पुढे केला. "हे तुमचं बियाणं. मोजून घ्या, कमी भरलं तर सांगा." तो हसला, पण पाकीट खिशात ठेवून ढीग घेऊन गेला.

अंगठी निघाली ती पंपवाल्यांच्या कानामुळे नाही, हेही सांगायला हवं. थाळीखाली तीच कुरकुर झाली, ते म्हणाले हाही कागदच, सोड, आणि पुढे सरकले. बाईंनी तरी चाळण भरली, कारण उसवायला घेतलेली शिवण मध्येच सोडायची त्यांना सवय नव्हती. वाळू गळून गेली आणि चाळणीत ती राहिली, फट वर करून.

पंपवाल्यांनी ती उन्हात धरून बघितली. मग गुडघ्यावर बसून बाईंचा हात घेतला आणि चढवायला लागले.

"दाबू नका," बाई म्हणाल्या. "सांध्याशी अडते."

"अडू दे," ते म्हणाले, आणि दाबलं नाही. नंतर कालच्या त्या मुलीला शोधून तिच्यासाठी पाण्यात उतरले, आणि तिची रिंग अर्ध्या तासात निघाली. ती गोल होती.

दुसऱ्या दिवशी दोघं किनाऱ्यावरूनच परस्पर सोनाराकडे गेली. सोनाराने बोटाचं खरं माप घेतलं, पंपवाल्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचायला लावलं आणि सोनाराला सुनावलं की दोन वर्षं तोंड शिवून बसायला तुला कुणी सांगितलं होतं. बाईंनीच सांगितलं होतं, सोनार म्हणाला.

मग हिशेब. गुंजभर सोन्याचे पैसे बाईंनी दिले. बोट माझं, म्हणाल्या. मजुरीही त्यांनीच दिली, कारण पंपवाल्यांच्या खिशात शोधाशोध करून एक झाकण आणि वाळू निघाली. नवी अंगठी गेली, मोकळा कोपरा गेला, पाहुण्यांपुढचं वाक्य पंपवाल्यांनी सोडलं, म्हणजे तेवढं त्यांचं गेलं. परतीच्या बसमध्ये कंडक्टरने मशीन पाहिलं आणि म्हणाला, एवढ्या लांब सामानाला अर्धं तिकीट पडेल. पंपवाले वाद घालायला लागले. बाईंनी पाकीट उघडलं आणि दोन पूर्ण, एक अर्धं, अशी तिकिटं घेतली.