लाल ठिपक्याची रिंग

मी एक रिंग आहे. ॲल्युमिनियमची, बांगडीहून थोडी मोठी आणि बोटभर जाड. मुरबे नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात, एका कौलारू घरात, देवघरातल्या तांब्याखाली माझी जागा आहे. तांब्याचं बूड गोल, तो डुलू नये म्हणून मी. माझा जन्म मात्र या कामासाठी झाला नव्हता. जरा बसलात तर सगळं सांगते.

बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीत पाच लेथचं, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रांचं, एक लहान वर्कशॉप होतं. तिथे कमलाकांत नावाच्या कारागिरानं मला घडवलं. त्याचा बाप मासेमारीला जायचा, पण कमलाकांतला होडीत उलटी व्हायची म्हणून तो लोखंडाकडे वळला. हात इतका बसलेला की कापताना निघणाऱ्या चुऱ्याच्या रंगावरून तो लेथ जास्त पळतोय का ते सांगायचा.

दोन हजार अठराची गोष्ट. शेठनं सकाळी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, हा सॅम्पलचा जॉब आहे, वर जाणाऱ्या कामाचा. कुठल्या यानात, कुठे बसणार, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पाच रिंगा द्यायच्या. पास झाल्या तर पुढे मोठी ऑर्डर.

कमलाकांतला इतका हरिख झाला की त्यानं डबासुद्धा उघडला नाही. आणि तिथेच चुकलं. आम्ही पाचही बहिणी लेथवरून उतरलो तेव्हा गरम होतो. गरम असतानाच त्यानं आम्हाला मोजलं. माप बरोबर आलं. रात्रभरात आम्ही निवालो, निवताना आकसलो. सकाळी माल तपासणाऱ्या इन्स्पेक्टरनं मोजलं तर पाचही जणी कमी. किती? मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले दोन.

कापलेलं परत चिकटत नाही. इन्स्पेक्टरनं ब्रश घेतला आणि प्रत्येकीवर लाल रंगाचा एकेक ठिपका दिला. नापास मालाची ती खूण. काम दुसरीकडे गेलं. माझ्या चार बहिणी भंगारात गेल्या. माझ्याकडे बघत कमलाकांत शेठला म्हणाला, "ही एक घरी नेऊ?"

"ले जा, पेपरवेट बना ले," शेठ म्हणाला.

कमलाकांतच्या घरात कागदच फारसे नव्हते.

कमलाकांतची बायको नलू. तिची ओळख करून द्यायची तर भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सुरुवात करावी लागेल. त्यावर एकादशी, संकष्टी, प्रदोष यांना तिनं हळदीचं बोट लावलेलं असतं, आणि मधल्या चौकोनांत पेनानं लिहिलेलं असतं, 'मंगळाचं यान', 'आज उडणार', 'आज कक्षा बदलणार'. मंगळाच्या यानाच्या वेळी तिला हे वेड लागलं. मुलगी जागृती मोबाइलवर बातमी वाचून दाखवायची आणि नलू भाकरी थापता थापता ऐकायची. यान आधी पृथ्वीभोवती फेऱ्या मारतं, दर फेरीला थोडं लांब जातं आणि मगच पुढे निघतं, हे ऐकून ती म्हणाली होती, "बरोबर हाय. घरच्या देवाला प्रदक्षिणा घातल्याशिवाय कोन जात्रेला निघतं?"

सत्त्याहत्तर साली निघालेलं, अजून पुढे पुढे चाललेलं एक परदेशी यान आहे. त्याला ती 'म्हातारी' म्हणते. "म्हातारीचा काय निरोप?" असं जागृतीला अधूनमधून विचारते, जशी कुणी लांब दिलेल्या बहिणीची चौकशी करावी.

अशा बाईच्या हातात कमलाकांतनं मला दिलं. तो खरं सांगणारच होता, त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण नलूनं मला उजेडात धरलं, लाल ठिपका बघितला आणि तिचा चेहरा उजळला.

"शेठनं कुंकू लावून पूजा केली वाटतं कड्याची. हे वर जायाच्या कामातलं ना?"

"हं," कमलाकांत म्हणाला.

एवढंच. त्या एका हुंकारानं मी देवघरात जाऊन बसले.

रोज सकाळी नलू माझ्या ठिपक्यावर ताजं कुंकू लावायची. मला फार ओशाळायला व्हायचं. रंगावर कुंकू, कुंकवावर कुंकू. मला बोलता आलं असतं तर पहिल्याच दिवशी म्हणाले असते, बाई, मी नापास आहे.

पुढच्या वर्षी चंद्राकडे यान निघालं. नलूनं स्वतःच ठरवून टाकलं की माझ्या जोडीची बाकीची कडी त्यातच असणार. सगळ्या आळीला सांगून झालं. कमलाकांत मान खाली घालून सायकल काढायचा आणि लोक मागून म्हणायचे, "चंद्रावर चालला बघ."

मग गौरी-विसर्जनाच्या दिवशी सकाळी जागृती उठली, मोबाइल बघितला आणि हळूच म्हणाली, "आई, लँडरशी बोलणं तुटलं. उतरता उतरता."

नलू देवघरासमोर बसली. ती माझ्याकडेच बघत होती. मग कमलाकांतला विचारलं, "अवो, आपल्या कड्यानं तर दगा दिला नसंल?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण गौरी उचलायला बायका दारात आल्या, आणि तो 'काय तरीच काय' म्हणून बाहेर निघून गेला. तो खांबाला टेकून उभा राहिलेला मला दारातून दिसत होता.

त्या दिवशी नलूनं नवस केला. आपलं यान चंद्रावर सुखरूप उतरेपर्यंत पापलेट खाणार नाही. मुरब्यात राहून पापलेट सोडणं म्हणजे काय, ते किनाऱ्यावरच्या माणसालाच कळेल. सासू गोजराबाईनं कपाळावर हात मारला. "देवाला वांगी सोडतात, भोपळा सोडतात गो. तू डायरेक पापलेट?"

चार वर्षं गेली. नलू पापलेट साफ करायची, तळायची, वाढायची. स्वतः आमटी-भात घ्यायची.

दोन हजार तेवीसला पुन्हा यान निघालं. अधिक महिन्यामुळे त्या वर्षी श्रावण दोन, म्हणून तिला वाटलं देवानंच जास्तीचा वेळ दिला. रोज एक वेळ जेवायची आणि कॅलेंडरवर फेऱ्या लिहायची. सगळं नीट चाललं होतं. पण उतरायच्या तीन दिवस आधी बातमी आली की रशियाचं यान चंद्रावर आपटलं. नलूनं त्यांच्यासाठीही दिवा लावला. "त्यांच्याकडं पण कोनीतरी बाई कालपासून जेवली नसंल," म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून, नागपंचमीचा सोमवार तो, तिनं पाणीसुद्धा सोडलं.

मंगळवारी दुपारी धुणं वाळत घालताना ती ओट्यावरच कोसळली.

डॉक्टर येऊन गेले. पाणी पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर सलाइन लावायला न्यावं लागेल, म्हणाले. कमलाकांत शिफ्ट सोडून धावत आला. गोजराबाई पेजेचं भांडं घेऊन बसली होती आणि नलू भिंतीकडे तोंड करून.

"नलू, दोन घोट घे."

"उद्या संध्याकाळी. उतरलं की."

"तुझ्या पान्यावर यान उतरत नाय गो," गोजराबाई रडकुंडीला आली होती.

"मागच्या टायमाला माझं कमी पडलं, आये. आपलं कडं होतं त्यात. आपल्या हातचं पाप, आपनच फेडायला पायजे."

कमलाकांत उठला. त्यानं तांब्या उचलला तो कलंडला, पाणी सगळ्या देवांवर सांडलं. ओल्या हातानं त्यानं मला काढलं आणि नलूच्या मांडीवर ठेवलं.

"हे कुंकू नाय, नलू. रंग हाय. नापास मालाला लावतात."

नलूनं ठिपक्यावर बोट टेकवलं.

"यातलं एक पन कदी वर गेलंच नाय. पाच केली होती, पाची नापास. मी गरम असताना मोजली. ऑर्डर पन गेली. त्या यानात आपलं काय नव्हतं. एक खिळा पन नाय."

नलूनं पदराचं टोक तिच्यासाठी ठेवलेल्या पाण्यात बुडवलं आणि मला पुसायला लागली. पाच वर्षांचं कुंकू होतं ते, थर सुटायला वेळ लागला. खाली माझा ठिपका निघाला, ब्रशाच्या केसांच्या रेघांसकट. तिनं त्यावर नख घासलं. तो गेला नाही.

"किती कमी?" तिनं विचारलं.

"मिलिमीटरच्या शंभर भागातले दोन."

"मंजे केसाएवढं?"

"केसाचे चार भाग केलेस तर त्यातला एक."

"तेवढ्यासाठी पाची टाकली?"

"पाची."

माझ्या काठावरून नलू बोट फिरवत होती, जणू तो कमी पडलेला भाग हाताला लागेल. मला वाटलं, आता ही मला अंगणात फेकणार. खरं सांगते, मी तयार होते.

"मग तिथं जे लागलंय," ती सावकाश म्हणाली, "ते पन कोनीतरी असंच बघितलं असंल. एकेक."

"एकेक. दोन-दोनदा."

"गार झाल्यावर?"

"गार झाल्यावर," कमलाकांत म्हणाला.

"मग उतरंल," नलू म्हणाली. "आये, पेज द्या."

तिनं पेज घेतली. अर्धं भांडं संपल्यावर मात्र तिला एक गोष्ट आठवली. "चार वर्सं मी पापलेट सोडलं. तुमी समोर बसून खात होतात."

"नसतं खाल्लं तर तुला संशय आला असता."

"दोन दोन तुकडे खायचा," गोजराबाई म्हणाली. आईनं पोराची बाजू घ्यायचं सोडलं, तेव्हा मला कळलं की घर सावरलं.

तरी नलू दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. संध्याकाळी टीव्हीसमोर ती एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, मधे जागृती. पडद्यावर उंचीचे आकडे कमी कमी होत गेले. सहा वाजून चार मिनिटांनी यान उतरलं. शेजारच्या घरातून थाळ्यांचा आवाज आला. नलूनं टाळ्या नाही वाजवल्या. उठली, देवासमोरची साखर आणली, पहिली चिमूट नवऱ्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "आता तुमी पन सुटलात."

श्रावण संपल्यावर कमलाकांत सातपाटीच्या बंदरावरून पापलेट घेऊन आला आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं ते स्वतः साफ केलं. इतकं वाईट साफ केलं की नलू हसत हसत जेवली.

माझं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. गोजराबाईचं म्हणणं, नापास वस्तू देवघरात ठेवू नये.

"आपन कुठं पास होऊन बसतो देवासमोर?" नलू म्हणाली आणि मला तांब्याखाली परत ठेवलं. कुंकू मात्र आता लावत नाही. माझा ठिपका उघडा असतो. मला बरं वाटतं.

परवाच्या संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट सांगते आणि थांबते. आपले दोन उपग्रह वर गेले होते, एकमेकांना जोडायचे होते. आज जोडणार म्हणायचे आणि पुढे ढकलायचे. नलू तिळाचे लाडू वळत होती. कमलाकांतनं घाबरत घाबरत विचारलं, "उपास धरलायस काय?"

"नाय." तिनं लाडू ताटात ठेवला. "खरं सांगा, यात आपलं काय हाय?"

"काय नाय."

"नक्की?"

"देवाशपथ काय नाय."

"बरं," नलू म्हणाली. "मग जागृतीला सांगा टीव्ही लावायला. कदी जोडतायत बघूया."

ते जोडले गेले त्या सकाळी तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. तिला त्यातलं काही मिळणार नव्हतं, तिच्या माणसाचा हात कुठे लागलेला नव्हता, तिनं काही सोडलेलंही नव्हतं. तरी होतं.

मी कधी वर जाणार नाही. इथेच जुनी होईन, हे मला कळून चुकलं आहे. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच: पुढच्या वेळी कुणी वर निघालं असं कानावर आलं, तर हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवा आणि बघा. त्यात आपलं काही नसलं, तरी बघा.