अभिमन नानांचा गोपनीय अहवाल

अभिमन नानांचा गोपनीय अहवाल लिहायचं नूतनच्या अगदी जिवावर आलं होतं. आता तुम्हीच सांगा, ज्याने टिपणी लिहायला शिकवलं, त्याच्याच कामावर कुठल्या तोंडाने शेरा मारायचा? तहसील कचेरीत ती नवी कारकून होती तेव्हा नाना अव्वल कारकून. परीक्षा देऊन ती नायब तहसीलदार झाली, तर आपल्याच शिष्येसमोर सगळ्यांत आधी उठून उभे राहिले तेही नानाच!

दोन वर्षांपासून नाना विसरायला लागले. एकदा घरी जायचं सोडून धुळ्याच्या बसमध्ये बसले आणि सोनगीरला उतरले. नूतनने मूठ झाकलेलीच ठेवली. दोन्ही वर्षं डोळे मिटून 'उत्कृष्ट' लिहिलं. देवमाणूस आहे, निवृत्तीला आठ-दहा महिने राहिलेत, जाऊ दे सुखाने.

पण कामिनीचं काय? सातपुड्याच्या पायथ्याची ही पोर रहिवासी दाखल्यासाठी पाच वेळा आली. पाचही वेळा नानांनी तिला नव्याने नाव विचारलं. अर्ज त्यांच्याच कपाटात सापडला, तोवर तिचा नर्सिंगचा प्रवेश गेला होता. पोरगी भांडलीसुद्धा नाही. कचेरीच्या पायरीवर बसून नुसती रडली.

शेवटी नूतनने सगळं खरं लिहिलं, दोन वर्षांचं झाकणंही. नाव मात्र टाकवेना, तेवढी जागा कोरी राहिली. नानांना बोलावलं आणि कागदच पुढे सरकवला.

नानांना वाटलं, नेहमीसारखा मसुदा तपासायला दिलाय. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"झकास लिहिलं, बेटा." मग ते एकदम तापले, अहिराणीवर आले. "पण हाऊ माणूस कोन शे? पोरीचं वर्ष बुडवलं त्याने! आणि त्याला झाकणारा साहेब कोण?"

"मीच, नाना."

"तू?" नानांचा आवाज पडला. "माया करावी, बेटा. पण लोकांच्या लेकरांच्या जिवावर नाही."

नूतनच्या डोळ्यांना धार लागली.

"रडू नको. नाव राहिलंय, मी टाकतो. सांग."

तिने सांगितलं. नानांनी सवयीने 'श्री.' लिहिलं आणि थांबले.

"अभिमन तर मी शे, बेटा."

नूतनला मान वर करवेना. नानांनी पूर्ण नाव लिहिलं, आज तारीख कोणती ते विचारलं आणि तीही टाकली.