माझी मोजणी शून्यावर गेली तेव्हा

मित्रांनो, मी सी भाषेत लिहिलेला एक जुना प्रोग्राम आहे. कोलंबियातल्या अत्रातो नदीकाठी, किब्दो शहरात नुबिया रेन्तेरियाने मला लिहिले. नदीकाठच्या वस्त्यांतून बंदूकवाले माणसे उचलून नेत. ते पाहणाऱ्यांच्या साक्षी गुप्त करणे हे माझे काम.

मी शून्य, एक, दोन असे मोजत जायचो. नुबियाने दिलेली गुप्त किल्ली लावून प्रत्येक आकड्यातून सोळा अक्षरांचा मुखवटा काढायचो आणि साक्षीच्या सोळा अक्षरांवर चढवायचो. अट एकच होती: त्याच किल्लीबरोबर तोच आकडा पुन्हा वापरायचा नाही. दोन साक्षींना एकच मुखवटा लागला, तर त्या शेजारी ठेवून जाणकार माणूस नावे उकलू शकतो.

सगळे माझे कौतुक करत. पण मी कुठवर मोजले, तो आकडा डिस्कवर जपण्याची सोयच नुबियाने केली नव्हती. एका सकाळी दोनदा वीज गेली आणि दोन्हीदा मी निमूटपणे शून्यापासून सुरुवात केली.

साक्षी गोळा करणाऱ्या एउफ्रोसिना मावशी तेरा साक्षींचे मेमरी कार्ड सुरक्षित ठिकाणी पोचवायला होडीने निघाल्या. नियमाप्रमाणे नुबियाने इथल्या प्रती पुसल्या. मग तिची नजर माझ्या नोंदींवर गेली; तिथे प्रत्येक गुप्त साक्षीची पहिली ओळ राहते. सगळ्या साक्षींचा मथळा एकच असला, तरी मुखवट्यानंतर तो वेगवेगळा दिसायला हवा; पण तीन साक्षींची पहिली ओळ अक्षर न् अक्षर सारखी होती.

ती धक्क्याकडे धावली. होडी गेली होती. पुढे बंदूकवाल्यांची चौकी होती आणि फोन चोरून ऐकले जात. चौकीच्या अलीकडे होडी डिझेलसाठी थांबे. नुबियाने तिथल्या दुकानात फोन लावून मावशींना बोलावून घेतले.

"मावशी, तुमची रक्तदाबाची गोळी इथंच राहिली."

"अगं, मी कुठं गोळ्या घेते?"

"घेता हो. आज चुकीची नेलीत. ती अंगाशी येईल."



"बरं," मावशी म्हणाल्या. "टाकून देते."

कार्ड नदीत गेले. चौकीवर त्यांची वेणीसुद्धा सोडून तपासली. काही सापडले नाही.

नंतर मावशी पुन्हा दारोदार फिरल्या. अकरा जणांनी पुन्हा सांगितले. एक म्हातारे तोवर वारले होते. एक बाई उंबऱ्यातच म्हणाली, "एकदा सांगितलं होतं. आता नाही जमायचं."

आता मी प्रत्येक आकडा वापरण्याआधी डिस्कवर लिहून ठेवतो. मित्रांनो, माझ्यासारखा प्रोग्राम लिहाल, तेव्हा वीज गेल्यावर तो कुठून मोजू लागतो, हे आधी पाहा. त्या दोन साक्षी मला परत आणता आल्या नाहीत.