तालीचा दगड

गोजरबाईने पहार तालीच्या फटीत घातली आणि तशीच उभी राहिली. दगड उचकटायला हात धजेना. डोंगराच्या उतारावरचं वावर ते केवढं! पण ही दगडांची ताल आडवी होती, म्हणून त्यात वीतभर माती टिकली होती.

खाली रस्त्याचं दुष्काळी काम चाललं होतं. खडी फोडून माप भरायचं, तरच हजेरी लागायची आणि पोरांना खायला सुकडी मिळायची. चार महिन्यांत बायकांनी डोंगरावरचा सुटा दगड वेचून संपवला आणि मग एकेकीने आपापल्या ताली पोखरायला घेतल्या. मुकादमाला मापाशी कारण. दगड कुठला, हे तो कशाला विचारतोय? नवरा, छगन, बैल जगवायला कोपरगावकडे गेला तो तिकडचाच झाला. आज संध्याकाळपर्यंत माप भरलं नाही तर हजेरीपटावरून तिचं नाव कापणार होते.

हे सगळं खरं, पण ताल सासऱ्याची होती. सहादेवने ऐन उमेदीत एकट्याने रचलेली. गावात तालींना हात लागल्यापासून म्हातारा दिवसभर बांधावर बसून राखण करी. आज तो जेवायला गेला आणि खुद्द सूनच चोर निघाली. गोजरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबलीस का?"

सहादेव काठी टेकत मागे येऊन उभा होता.

"मामा, माप भरंना. वरचा एक थर काढते. पानी पडलं की परत रचू आपुन."

"वरचा दगड कवळा हाय. भुगा हुईल त्याचा." त्याने तिच्या हातातली पहार घेतली. "खालचा काळा. त्याची खडी पडंल."

"खालचा काढल्याव माती ऱ्हाईल का?"

तो खाली बसला, पायथ्याच्या दगडांवरून तळहात फिरवत गेला आणि एका दगडापाशी थांबला. मग पहार घालून त्याने तो हलवला, पुन्हा हलवला. दगड निखळला, त्यासरशी वरचे चार ढासळले.

मागची माती भुरूभुरू निसटू लागली. गोजरबाईने झटकन खाली बसून दोन्ही हात त्या भगदाडाला लावले. बोटांमधून माती तिच्या पायांवर पडतच राहिली.

"सोड गं पोरी," सहादेव पुढचा दगड चाचपत म्हणाला. "किती येळ धरशील?"