चुकून दाबलेलं लाल बटण

मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे, मित्रांनो, पण म्हातारा म्हणाल तर याद राखा! अजूनही लाल बटण दाबलं की माझ्या पोटातली कॅसेट गरगर फिरायला लागते आणि मला वाटतं, चला, आज काय बघायला मिळतंय! हा उतावळेपणा माझ्या अंगात जन्मापासूनचा. जपानच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावरसुद्धा मी सगळ्यांकडे टकामका बघत होतो.

१९९८ साली मी बंगळूरला, एस. पी. रोडवर चंदनअण्णांच्या दुकानात आलो. शेजारी खांद्यावर घ्यायचा एक दांडगा कॅमेरा बसला होता. शेकडो लग्नं गाजवलेला! गिऱ्हाईक आलं की अण्णा त्यालाच पुढे करायचे आणि माझ्याबद्दल म्हणायचे, "हे? हे साहेबलोकांचं खेळणं." माझा असा काही जळफळाट व्हायचा म्हणून सांगू!

एका शनिवारी मैत्रेयी आणि तिचा मित्र श्रीरंग दुकानात शिरले. दोघं पुण्याचे, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, आणि डोक्यात स्वतःचा सिनेमा काढायचं वेड. सिनेमा होता ठकुबाईंवर. निपाणीकडच्या ठकुबाई के. आर. पुरमला खाणावळ चालवायच्या. नव्यानं आलेली मैत्रेयी वर्षभर त्यांच्याच भाकरीवर जगली होती. आता त्या खाणावळ मोडून बहिणीकडे गावी निघाल्या होत्या, आणि शूटिंगसाठी उद्याचा एकच दिवस उरला होता.

"अण्णा, गेल्या रविवारी असाच मोठा कॅमेरा भाड्यानं नेला होता," मैत्रेयी त्या दांडग्याकडे बोट दाखवून म्हणाली. "ठकुबाई रेशनकार्डाच्या फोटोला बसल्यासारख्या बसल्या. काहीही विचारा, उत्तर एकच, 'बरं हाय!'"

"पण मोठा कॅमेरा असला की लोक सीरियसली घेतात गं," श्रीरंग म्हणाला.

"सीरियसली नको रे. कॅमेरा आहे हेच त्यांनी विसरायला हवं!"

वा! मी तर जागच्या जागी थरारलो.

"सरी, ठीक आहे मॅडम. पण स्वल्प थांबा, दोन्ही तपासून घ्या," अण्णा म्हणाले. मैत्रेयीनं आम्हा दोघांना टीव्हीला जोडलं आणि दुकानातली ट्यूबलाइट मालवायला सांगितली. ठकुबाईंच्या स्वयंपाकघरात एकच खिडकी होती ना! अंधार झाला आणि दांडग्याच्या चित्रात नुसत्या मुंग्या मुंग्या. माझी पाळी आली. अण्णांच्या मिशीचा केस न् केस दिसला, कपाळावरचं कुंकू लाल ते लालच! का नाही दिसणार? लाल, हिरवा, निळा, प्रत्येक रंगाला वेगळी चिप आहे माझ्यात. श्रीरंगनं कानाला हेडफोन लावून आवाजही ऐकला आणि मान डोलावली.

"हाच!" मैत्रेयी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला निवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला पिठाचा डबा आणि मिठाची बरणी यांच्यामध्ये, फळीवर ठेवलं. ठकुबाईंनी माझ्याकडे वाकून बघितलं. "एवढंसं? ह्यात मी मावतो व्हय?" त्यांच्या भागात बायकाही 'करतो, जातो' असंच म्हणतात. मग भाकरी थापता थापता त्या मला विसरल्या आणि काय काय बोलल्या! पण मैत्रेयीनं मुलाचं, गुंडोचं नाव काढलं मात्र, आणि सगळं थांबलं. ट्रक चालवायचाच असं म्हणून तो तीन वर्षांपूर्वी भांडून हुबळीला गेला होता. तेव्हापासून चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

"कसा आहे तो?"

"बरं हाय," ठकुबाई म्हणाल्या.

पुन्हा तेच! मैत्रेयीनं लाल बटण दाबून मला थांबवलं. "संपलं रे," ती श्रीरंगला म्हणाली. "खऱ्या ठकुबाई यात आल्याच नाहीत." मलाही रडू फुटायचं बाकी होतं.

इतक्यात शेजारच्या भाग्यलक्ष्मी दारातून ओरडल्या, "बंद! अक्का, बंद!"

मैत्रेयीचं कन्नड 'सरी' आणि 'स्वल्प'च्या पुढे गेलं नव्हतं. तिला वाटलं, बाई आपल्याला कॅमेरा बंद करायला सांगतायत. तिनं घाईघाईनं लाल बटण दाबलं. अगं वेडे, मी थांबलेलोच होतो की! त्या दाबण्यानं मी सुरू झालो. आणि कन्नडमध्ये 'बंद' म्हणजे 'आला'. खाणावळ मोडतेय हे भाग्यलक्ष्मींनीच गुंडोला गुपचूप कळवलं होतं. दारात तो उभा होता.

मी डोळे फाडून बघत राहिलो. ठकुबाई अर्धवट उठल्या, परत बसल्या. हाताला पीठ तसंच. तव्यावरची भाकरी धुरायला लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, ते त्यांनी मनगटानं पुसलं आणि गालाला पीठ लागलं.

"आलास व्हय?" त्या म्हणाल्या. "करपली बघ भाकरी तुझ्यापायी. हात धू, दुसरी टाकतो."

संध्याकाळी टीव्हीवर ते बघून मैत्रेयी किंचाळलीच! पुढे मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला, तेव्हा लोकांच्या टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतून चंदनअण्णा शेजारच्याला सांगत होते, "माझ्या दुकानातला कॅमेरा आहे हां!" खेळणं म्हणणारे हेच ते!

मैत्रेयीनं मला अण्णांकडून विकतच घेतलं. नंतर फोनमध्येच कॅमेरे आले आणि मी तिच्या कपाटात गेलो. वर्षानुवर्षं कुणी दार उघडलं नाही. काचेवर बुरशी चढली. फार एकटं वाटायचं हो. मग गेल्या महिन्यात गुंडो आला, डोक्याचे केस पिकलेला. ठकुबाई आता राहिल्या नाहीत. "ताई, आईला बोलताना एकदा बघायचंय," तो म्हणाला. ती कॅसेट आता घरातल्या दुसऱ्या कशात चालत नाही, माझ्यातच चालते.

मैत्रेयीनं मला पुसलं, वायर लावली. काहीच होईना. "बंद पडलाय वाटतं," ती म्हणाली. मी घाबरून गेलो. तिनं पुन्हा एकदा बटण दाबलं, आणि कॅसेट गरगर फिरली!

"आलास व्हय?" ठकुबाई पडद्यावरून म्हणाल्या.

"आलो गं आई," खुर्चीवरून गुंडो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कपाटात माझ्यासारखं कुणी पडून असेल, तर त्याला बाहेर काढा, पुसा, ऊन दाखवा. बंद पडलंय म्हणून भंगारात टाकायच्या आधी बटण एकदा पुन्हा दाबून बघा. आमच्या बंगळुरात बंद म्हणजे आला!