वर्ग का करायचा?

संख्याशास्त्राच्या सरांचा एक जुना दावा होता आणि स्टाफरूममधल्या चहाबरोबर ते तो अधूनमधून मांडत: माझ्या तासाला आजवर एकाही विद्यार्थ्याला शंका आलेली नाही. दावा खराच होता. शंका यायला थोडी जागा लागते आणि सरांच्या तासाला ती नसे. सर फळ्यावर सूत्र लिहीत, मागे न वळता "समजलं?" असं विचारत आणि त्याच श्वासात "समजलंच" म्हणून मोकळे होत. पोरांनी त्यांचं नावच 'समजलंच' ठेवलं होतं. हे सरांच्या कानावर आलं होतं, पण टोपणनाव पडायलासुद्धा माणसात काहीतरी असावं लागतं, असं त्यांचं मत होतं.

अशा माणसाची बढती एका उजळणी वर्गापाशी अडली. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की पदवी आहे, शोधनिबंध आहेत, वय तर आहेच. राहिलाय तो अध्यापन कौशल्याचा उजळणी वर्ग. गेली काही वर्षं सर तो कधी पाठदुखी तर कधी पेपर तपासणी पुढे करून टाळत आले होते. यंदा तो आपल्याच कॉलेजात भरत होता, त्यामुळे पाठीलाही निमित्त उरलं नव्हतं. वर्ग संपताना बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षक मॅडम प्रत्येकाच्या खऱ्याखुऱ्या तासाला मागच्या बाकावर बसणार होत्या. त्यांनी पसंती दिली तर बढती, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

घरी हे सांगितल्यावर सरांच्या आईने पेपर खाली ठेवला. तिच्या लेखी उजळणी म्हणजे पाढे.

"तेराच्या पाढ्याला तू कायम अडखळायचास," ती म्हणाली. "तिथून सुरू करा म्हणावं."

सरांनी तिला समजावलं की पाढे नव्हेत, शिकवायचं कसं ते शिकवणार आहेत. यावर आईने विचारलं, मग इतकी वर्षं तू तिथे काय करत होतास? सरांच्या बायकोला हसू आवरेना म्हणून ती पाणी तापलंय का बघायला आत गेली. पाणी ठेवलेलंच नव्हतं.

उजळणी वर्गात पहिल्या दिवशी सगळे प्राध्यापक मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसले आणि पुढची बाकं रिकामी राहिली. इतिहासाचे सर उशिरा आले आणि येताच भिंत धरून झोपले. भाषेच्या बाईंनी आपल्या मैत्रिणीची हजेरी स्वतःच लावली, तीही दोन वेगळ्या आवाजांत. वाणिज्याच्या सरांनी हात वर केला आणि हे सगळं परीक्षेला आहे का, असं विचारलं. आपल्या विद्यार्थ्यांमध्ये शिस्त उरली नाही, या विषयावर मधल्या सुट्टीत सगळ्यांचं एकमत झालं.

प्रशिक्षक मॅडम वयाने सरांच्या थोरल्या मुलीएवढ्या. आवाज हळू, आणि डोळ्यांतून काही सुटत नसे. प्रत्येकाने सहकाऱ्यांसमोर छोटासा पाठ घ्यायचा आणि तो फोनवर चित्रित व्हायचा, असा प्रकार होता. सरांनी आपला हुकमाचा पत्ता काढला: प्रमाण विचलन. आकडे सरासरीपासून किती दूर पांगलेत, ते मोजायचं माप. घोडा भरधाव सुटावा तसा पाठ झाला. शेवटी टाळ्या पडल्या. त्या आवाजाने इतिहासाचे सर जागे झाले आणि त्यांनीही वाजवल्या.

मग मॅडमनी चित्रफीत लावली. पडद्यावर सरांची पाठ दिसत होती. बराच वेळ पाठच दिसली. "समजलंसमजलंच" हा एकच लांबलचक शब्द तिथून पुन्हा पुन्हा येत होता.

"सर," मॅडम म्हणाल्या, "या दोन शब्दांच्या मध्ये मुलांची जागा आहे. तुम्ही तिच्यावर बसलाय."

कोणी हसलं नाही, आणि सरांना तेच जास्त लागलं. मॅडमचा उपाय अगदीच किरकोळ होता. प्रश्न विचारायचा, वर्गाकडे तोंड करायचं आणि बाटलीतलं पाणी प्यायचं. तोंडात पाणी असलं की माणूस स्वतःच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. सर मनात म्हणाले, एवढं शिकून हिने हे शोधून काढलं? पण घरी जाताना त्यांनी बाटली विकत घेतली.

सराव घरीच सुरू झाला. आईला ते विचारत, "आई, आज औषध घेतलंस?" आणि घोट घेत. एरवी ते "घेतलंच असशील" म्हणत बाहेर पडायचे. पहिल्याच घोटाला कळलं की ती सकाळची गोळी विसरते. बायकोला विचारलं, "कशी आहेस?" आणि घोट घेतला. ती बोलू लागली ती बाटली संपली तरी थांबेना. शेवटी तीच म्हणाली, "अहो, इतकं पाणी बरं नव्हे. एकदा दाखवून घ्या डॉक्टरांना."

तासाचा दिवस उजाडला. मॅडम शेवटच्या बाकावर बसल्या. त्यांच्या शेजारी वर्षभरात तोंडातून अवाक्षर न काढलेली एक मुलगी होती. ती बोलते की नाही, याची शंका सरांनाही कधी आली नव्हती. सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं. आकड्यांची सरासरी काढा, प्रत्येक आकडा तिच्यापासून किती दूर ते बघा, त्या अंतराचा वर्ग करा. मग ते वळले. वळताना त्यांना थोडी चक्कर आल्यासारखं झालं, कारण वर्गाला इतकी तोंडं असतात हे ते विसरले होते.

"समजलं?" त्यांनी विचारलं आणि बाटली तोंडाला लावली.

वर्ग हबकला. पोरं 'समजलंच'ची वाट बघत होती आणि ते येत नव्हतं. पुढच्या बाकावरच्याने सरांना बरं नाही की काय म्हणून दाराकडे पाहिलं. पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. आणि मागून, मॅडमच्या शेजारून, बारीक आवाज आला.

"सर, वर्ग का करायचा?"

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वर्ग का करायचा? म्हणजे तासाला यायचंच कशाला? इतकी वर्षं या खोलीत घसा कोरडा केला आणि आज, बढती मागच्या बाकावर येऊन बसली असताना, ही मुलगी तोंडावर विचारते की तुमच्या वर्गाला का बसायचं? 'बाहेर हो' हे शब्द थेट जिभेपर्यंत आले. पण जिभेवर पाणी होतं. सरांना ते आधी गिळावं लागलं.

तेवढ्यात मुलगी पुढे म्हणाली, "म्हणजे अंतराचा, सर. नुसती बेरीज केली तर काय बिघडतं?"

मग सरांनी खडू पुढे केला आणि ते म्हणाले, "ये, करून बघ काय बिघडतं."

ती घाबरत आली. पुढच्या बाकावरच्यांच्या चपलांचे नंबर तिने फळ्यावर मांडले, सरासरी काढली, अंतरं घेतली, बेरीज केली. उत्तर शून्य. अर्ध्या वर्गाने दुसरे आकडे सुचवले, पुन्हा शून्य. सरासरीच्या वरचे आणि खालचे एकमेकांना खाऊन टाकतात, हे कोणीतरी ओरडून सांगितलं. ते सरांनी सांगितलं नव्हतं. मग दुसरा एक जण उठला: उण्याचं चिन्ह नुसतं पुसून टाकलं तर? वर्गाचा एवढा खटाटोप कशाला? तिसऱ्याला तर सूत्रातलं शेवटचं वर्गमूळच पटत नव्हतं.

सरांनी घोट घेतला. या वेळी तो गरजेचा होता.

"चिन्ह पुसूनही माप काढतात," ते म्हणाले. "तरी वर्गच का, हे मला आजवर कोणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. उद्या नीट तयारी करून येतो."

तास संपला तेव्हा ठरवलेल्या पाठाचं अर्धंही झालं नव्हतं आणि घंटेनंतरही फळ्यापाशी भांडण चालू होतं. सर खडूने माखलेल्या हातांनी बाजूला उभे होते. ताठ, आणि थोडे भांबावलेले. मॅडम मागून आल्या. सरांनी अर्धवट राहिलेल्या पाठाबद्दल सबब सांगायला तोंड उघडलं. मॅडमनी टेबलावरची बाटली उचलून त्यांच्या हातात दिली. सर गप्प बसले.

"पाठ राहू दे, सर," त्या म्हणाल्या. "माझी पसंती आहे. आणि उद्या वर्गच का, ते ऐकायला मी येऊ का?"

स्टाफरूममध्ये सरांनी चहा ओतून घेतला आणि कोणी विचारायच्या आत जाहीर केलं, "आज माझ्या तासाला तिघांना शंका आली." इतिहासाचे सर हळहळले. सरांनी त्यांना हळहळू दिलं. अशा गोष्टी एकदम समजत नाहीत.

संध्याकाळी आईने विचारलं, झाली का उजळणी, काय शिकलास?

"गप्प बसायला," सर म्हणाले.

"ते मी तुला लहानपणापासून फुकट शिकवत होते," आई म्हणाली. पण तिने पेपर बाजूला ठेवला आणि त्यांच्याकडून सगळं पुन्हा सांगून घेतलं, चपलांच्या नंबरांसकट.

आतल्या खोलीत बायको बहिणीला फोन करत होती. भिंतीआडूनही तिच्या आवाजातला तोरा लपत नव्हता. "अगं, ऐकलंस का? यांच्या वर्गातल्या पोरांना आता काही म्हणजे काही समजत नाही."