दहापैकी दहा

खरं सांगतो, मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली. नॉटिंगहॅमच्या बायपासवर ट्रकांचे टायर बदलतो. ड्रायव्हर कुठला ते विचारायचं आणि शनिवारी लायब्ररीत जाऊन त्याच्या शहराचं जुनं नाव शोधायचं, हा माझा नाद. यॉर्क म्हणजे रोमन लोकांचं एबोराकम. चेस्टर म्हणजे त्यांचंच 'डेवा'. असं.

दर मंगळवारी पबमध्ये क्विझ असते. मी आणि शाळेपासूनचा दोस्त डीन तीन वर्षं एकाच टेबलावर, पण उत्तरं ज्याची त्याच्या कागदावर. या वेळी पबमधला एकच जण जिल्ह्याच्या टीममध्ये जाणार होता. शहरांच्या फेरीत जो पहिला येईल तो, असं मालकीण ग्लेनिसने सांगितलेलं. आठवडाभर झोप नव्हती मला.

शेवटचा प्रश्न आला, डेन्मार्कचे व्हायकिंग येण्याआधी डर्बीला काय म्हणायचे? मी लिहिलं, नॉर्थवर्दी. अख्ख्या पबमध्ये माझं एकट्याचं बरोबर. दहापैकी दहा.

मागून कुणीतरी बोललं, टायरवाल्याला हे कुठून माहीत असणार, मोबाइल बघितला त्याने. क्विझमध्ये मोबाइल बघणं म्हणजे, त्यापेक्षा पाकीट मारलेलं लोक माफ करतील. ग्लेनिसने मला नाही विचारलं. डीनला विचारलं.

"तू शेजारी होतास. याच्या हातात फोन होता?"

डीनने बिअरचा घोट घेतला. "टेबलाखालचं मी काय सांगू, ग्लेनिस? वाकून थोडाच बघत होतो."

एवढंच. माझा एक हात पेनावर, दुसरा त्याच्याच चिप्सच्या पाकिटात. त्याला माहीत होतं.

माझा कागद बाद झाला. नऊवाले तीन-चार जण होते, त्यातल्या डीनच्या मेहुण्याला जागा मिळाली. गुरुवारी कळलं, त्याचं नाव डीननेच पुढे केलं.

पुढच्या मंगळवारी मी एकटा बसलो. फोन आधीच ग्लेनिसकडे दिला. पुन्हा शहरांची फेरी. फेरी संपली की शेजारच्या टेबलांनी एकमेकांचे कागद तपासायचे असतात. माझा डीनकडे गेला. त्याने बरोबरच्या खुणा केल्या आणि मोठ्याने सांगितलं, दहा. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "झालं ना आता? राग सोड की, रीस."

"एक 'नाही' म्हणायचं होतं रे. तेवढंही जड गेलं तुला?"

तो मेहुण्याकडे बघायला लागला.

मी फोन घ्यायला काउंटरवर गेलो. ग्लेनिस नजर चुकवत म्हणाली, "चुकलं माझं, बाळा. पण जिल्ह्याला नाव कळवून झालंय."

मी कोट घातला. अजून दोन फेऱ्या बाकी होत्या.